इंग्रजीत मी ईएनएफपी आणि जर्मनमध्ये आयएसटीजे, हे काय गौडबंगाल आहे?

बर्डीची_बडबडी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण सिरियसली विचारून राहिली, हसू नका. मी नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात जॉब करते आणि संध्याकाळी धरमपेठेत जर्मनचा क्लास, सध्या बी1 लेव्हल चालू आहे. पुढच्या वर्षी तिकडे जॉब शोधायचा विचार आहे. तर ती सोळा टाइपवाली पर्सनॅलिटी टेस्ट असते न फ्री, एमबीटीआय टाइपची, ती मी इंग्रजीत दिली होती तेव्हा ईएनएफपी आलं, म्हणजे बोलकी, भावनाप्रधान, प्लॅनिंगचा पत्ता नाही, जे की शंभर टक्के मीच. आता क्लासमध्ये सरांनी प्रॅक्टिस म्हणून तीच टेस्ट जर्मनमधून द्यायला लावली, तर आयएसटीजे! म्हणजे कमी बोलणारी, नियमाने चालणारी, सगळं वेळेवर. एखादं सोडा, चारही अक्षरं उलटली. सर म्हणाले बघ, भाषा बदलली की माणूस बदलतो, जर्मन लोक सगळे आयएसटीजेच असतात, त्यामुळे तिथे इंट्रोव्हर्ट लोकच टिकतात, तुझ्यासारख्यांना जड जातं. घरी सांगितलं तर बाबा म्हणे लवकर पाठवा हिला, निदान घरात शांतता होईल.

आता मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. भाषेनं खरंच स्वभाव बदलतो का, का टेस्टच भंगार आहे? जर्मन लोक खरंच असे एकाच साच्याचे असतात का? आणि तिसरं म्हणजे माझ्यासारख्या बडबड्या मुलीनं तिकडे जावं की नाही, कारण मला गप्प बसून राहणं जमतच नाही, ऑफिसात पण माझ्या क्युबिकलमध्ये कायम दोन जण उभे असतात.

तर्री_जास्त
काहून टेन्शन घेऊन राहिली बे. जर्मनमध्ये तुले शब्दच तेवढे येतात म्हणून कमी बोलते, टाइप-बीप काही नाही. मी तमिळमध्ये तर संन्यासीच आहो, चेन्नईले चार महिने होतो, सकाळी एक इडली मागायची आन गप बसायचं. तिथल्या लोकायले वाटे पोट्टा लय संस्कारी हाय. महालातल्या कोणाले विचार मी संस्कारी आहो का म्हणून.

मास्तरीणबाई
तर्री_जास्त हसवायला लिहितो पण मुद्दा त्याचा बरोबर आहे. मी कॉलेजात बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

आधी या टेस्टचं मूळ बघ. गंमत म्हणजे हे सगळं प्रकरण जर्मन भाषेतच सुरू झालं. कार्ल युंग हा स्वित्झर्लंडचा, लिहायचा जर्मनमध्ये. 1921 साली त्याचा टाइप्सवरचा ग्रंथ आला आणि एक्स्ट्रोव्हर्ट-इंट्रोव्हर्ट ही जोडी तिथून जगभर गेली, आज आपण रिक्षावाल्याबद्दलही बोलताना वापरतो. पण चार अक्षरांचे सोळा डबे हे काही युंगचे नव्हेत. ते कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार केले, दोघींपैकी कोणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. शेवटचं ते जे आणि पी, म्हणजे प्लॅनवाला की आयत्या वेळचा, ते तर त्यांनीच जोडलं. युंगला स्वतःला माणसांवर अशी लेबलं चिकटवणं पोरखेळ वाटायचं, तसं त्यानं 1934 मध्ये एका प्रस्तावनेत लिहूनही ठेवलंय.

टेस्टची खरी अडचण ही की ती माणसाला इकडे किंवा तिकडे टाकते, मधे कोणी नाहीच. आणि बहुतेक माणसं तर मधेच असतात. समजा तू बोलकेपणात शंभरातून 53 असशील तर ई, आणि आज सकाळी डोकं दुखत होतं म्हणून 48 आलं की आय. स्वभाव पाच मार्कांनी हलला, अक्षर मात्र पूर्ण उलटलं. काही आठवड्यांनी त्याच भाषेत परत दिली तरी कितीतरी जणांचं एखादं अक्षर बदलतं, जर्मनची गरजच नाही. म्हणून संशोधन करणारे लोक हे डबे वापरत नाहीत, ते पाच मोजपट्ट्या वापरतात, त्याला बिग फाइव्ह म्हणतात, आणि त्यात तुला नाव मिळत नाही, नुसते पाच आकडे मिळतात. आकडे स्टेटसला ठेवता येत नाहीत म्हणून ते पॉप्युलर होत नाही, असं आपलं माझं मत.

पण भाषेचं म्हणशील तर ती भानगड अगदीच खोटी नाही. 2006 मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवर एक अभ्यास झाला, तीच माणसं इंग्रजीत उत्तरं देताना थोडी जास्त बोलकी, जास्त मिळूनमिसळून वागणारी, जास्त नीटनेटकी निघाली. थोडी म्हणजे थोडीच हं. घुमा माणूस उठून वरातीत नाचायला लागला असं नाही.

तुझं एफचं टी होणं, म्हणजे भावनेकडून तर्काकडे जाणं, मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. शिकून आलेल्या भाषेत भावना जरा बोथट लागतात. 2014 च्या एका अभ्यासात लोकांना तो नेहमीचा क्रूर प्रश्न विचारला होता, पाच जणांना वाचवायला एका माणसाला पुलावरून, खाली रुळावर सुटलेल्या ट्रॉलीसमोर ढकलशील का. आईच्या भाषेत विचारलं तर बरेच जण नाही म्हणाले, परक्या भाषेत विचारलं तर ढकलतो म्हणणारे वाढले. तेव्हा तू जर्मनमध्ये कोरडी झालीस ते जर्मन कोरडी आहे म्हणून नव्हे, ती तुला परकी आहे म्हणून. एखाद्या जर्मन मुलीला मराठी शिकवून मराठीतून टेस्ट दे म्हणावं, तीही बहुतेक कोरडीच निघेल.

डेअर_डी_डास
मास्तरीणबाई, मस्त लिहिलंत. मी नागपुरातच जर्मन शिकवतो (बडबडीचे सर मी नव्हे, क्लास वेगळा). मला वाटतं इथे क्लासचाही हात आहे. बी1 च्या परीक्षेत स्प्रेखेन म्हणजे बोलायचा जो भाग असतो त्यात काय असतं, दोघांनी मिळून काहीतरी प्लॅन करायचं, मग एका विषयावर छोटं प्रेझेंटेशन, मग प्रश्नोत्तरं. तयारीला 15 मिनिटं देतात. आम्ही मास्तर लोक पोरांकडून काय घोटून घेतो? माझं मत असं आहे, मी याच्याशी सहमत नाही, शनिवारी नको रविवारी जमेल, एक म्हणजे, दुसरं म्हणजे. झालं! सहा महिने पोरगी जर्मनमध्ये फक्त प्लॅनिंग आणि मत देणं एवढंच करते. रुसणं नाही, गॉसिप नाही, बाबांना मस्का मारणं नाही. मग टेस्टनं विचारलं तुम्ही आधी प्लॅन करता का, तर त्या भाषेतल्या तिच्या सगळ्या आठवणी प्लॅनिंगच्याच आहेत, ती हो म्हणणारच की.

दुसरं, प्रश्न वाचायचा कसा तेही बघा. बी1 वाल्याला ते लांबलचक वाक्य अर्धं कळतं, क्रियापद पार शेवटी, निषेधार्थी आहे की होकारार्थी तेच कळेपर्यंत दमछाक, मग माणूस मधलं बटण दाबतो. दहाबारा मधली बटणं दाबली की टाइप कुठेही जाऊ शकतो.

आता भाषेचा मेंदूवर काहीच परिणाम नाही असं मी म्हणणार नाही. 2015 मधला एक प्रयोग मला आवडतो, जर्मन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना छोट्या क्लिप्स दाखवल्या, म्हणजे एक बाई पार्क केलेल्या गाडीकडे चालत चाललीय वगैरे. जर्मनवाल्यांचं लक्ष ती कुठे पोचणार याकडे जास्त, इंग्रजीवाल्यांचं चालण्याकडेच. दोन्ही भाषा येणाऱ्यांना ज्या भाषेत विचारलं तसा कल बदलला. कारण असं सांगतात की क्रिया चालू आहे हे दाखवायला इंग्रजीत वेगळं रूप सक्तीचं आहे आणि जर्मन व्याकरणात तसं ठरलेलं रूप नाही. आपल्या नागपुरीत तर उलट, येऊन राहिलो, जाऊन राहिलो, करून राहिलो, सगळंच चालू! काम पूर्ण कधी होणार ते विचारू नका. (हा विनोद आहे, याच्यावर संशोधन झालेलं नाही.) पण लक्षात घ्या, हा फरक नजर कुठे जाते याचा आहे. स्वभावाचा नाही.

लाइपझिगचा_बंड्या
मूळ प्रतापनगरचा, हल्ली जर्मनीत लाइपझिगला असतो, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो.

सगळे जर्मन आयएसटीजे हे म्हणणाऱ्याला फेब्रुवारीत कोलोनला नेऊन सोडा. कार्निव्हलच्या गुरुवारी बायका कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात, बँकेतला मॅनेजर असला तरी. हेच लोक सोमवार ते शुक्रवार लाल सिग्नलला रस्ता रिकामा असताना उभे राहणारे. मग यांना ई म्हणू की आय? उत्तरेला हॅम्बुर्गकडचा माणूस एका शब्दात नमस्कार उरकतो, बव्हेरियातला बिअर गार्डनमध्ये लांब बाकावर अनोळखी माणसाशेजारी येऊन बसतो. ऑस्ट्रियन आणि स्विस लोकांना जर्मन म्हणून बघा एकदा, मग कळेल एकाच भाषेत किती स्वभाव असतात ते.

माझं निरीक्षण असं की इथे बोलणं कमी नाहीये, बोलायच्या जागा ठरलेल्या आहेत. ट्राममध्ये शेजारच्याला कुठे चालले काका असं विचारलं की तो दचकतो. रविवारी दुकानं बंद, रात्री दहानंतर आवाज नको. पण तोच दचकलेला माणूस संध्याकाळी त्याच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लब किंवा मंडळ म्हणा, दोन दोन तास गप्पा मारतो. देशात असे नोंदणी केलेले क्लब सहा लाखांच्या आसपास आहेत. नेमबाजी, कोरस, ससे पाळणं, बागकाम. छोट्या प्लॉटवर बाग करायची त्यांची मंडळं असतात, श्रेबर नावाच्या डॉक्टरच्या नावाचं पहिलं मंडळ 1864 मध्ये इथे लाइपझिगलाच निघालं, अजून त्या बागांना श्रेबरगार्टन म्हणतात. आमच्या टीममधला एक जण ऑफिसात दिवसभरात मोजून वाक्यं बोलायचा. एकदा त्यानं मला त्याच्या बागेवर बोलावलं, तर टोमॅटोची प्रत्येक जात, शेजारच्या प्लॉटवाल्याशी कुंपणाच्या उंचीवरून चाललेलं भांडण, मंडळाच्या सभेत कोण काय बोललं, मला उठूच देईना. चहा तीनदा झाला. आणि हा माणूस कागदावर इंट्रोव्हर्ट.

बोचतं काय ते सांगून ठेवतो. फीडबॅक. तू प्रेझेंटेशन देशील, आणि समोरचा पहिलंच वाक्य म्हणेल चौथ्या स्लाइडवरचा आकडा चुकीचा आहे. छान झालं पण, मेहनत दिसते पण, असं काही पुढेमागे नाही. आपल्याकडे असं बोलला तर माणूस आठवडाभर घरी जाऊन चिडतो. इथे तोच माणूस दहा मिनिटांनी तुझ्यासोबत कँटीनला येतो, त्याच्या डोक्यात काहीच नसतं. आणि तू आणि तुम्हीचं प्रकरण, डू आणि झी, हे तर आपल्याला सोपंच आहे, आपण लहानपणापासून करतो. फक्त इथे मोठ्यानं किंवा सीनियरनं डू म्हणू या असं स्वतःहून सांगायची पद्धत आहे, तोपर्यंत झीच. आयटीत मात्र पहिल्या दिवसापासून डूच चालतं बऱ्याच ठिकाणी.

तर्री_जास्त
ते क्रियापद शेवटी असते म्हणून जर्मन लोक मधात तोंड घालत नाही, पूर्ण आयकून घेतात, असं कुठंतरी वाचलं होतं. खरं हाय का?

डेअर_डी_डास
हे मी पण वर्षानुवर्षं ऐकतोय आणि मला अजिबात पटत नाही. अरे मराठीत पण क्रियापद शेवटीच असतं न! जर्मनमध्ये तर साध्या वाक्यात दुसऱ्या नंबरलाच येतं, गौण वाक्यात आणि काही रूपांतच ते शेवटी ढकलतात. आपलं कायम शेवटी. त्या हिशोबानं नागपूरचा माणूस जगातला सगळ्यात सहनशील श्रोता पाहिजे. शंकरनगर चौकातल्या पोह्याच्या ठेल्यावर पाच मिनिटं उभा रहा आणि मोज, एक तरी माणूस दुसऱ्याला क्रियापदापर्यंत पोचू देतो का.

तर्री_जास्त
😂 मी तर समोरच्याच्या कर्त्यावरच सुरू होतो

ऑरेंज_सिटीवाला
सगळ्यांचं वाचलं, पण मी जरा उलटं बोलतो. एवढं झटकून टाकू नका राव. मी स्वतः घुमा माणूस आहे, आमच्या कंपनीत जर्मन क्लायंट आहेत, त्यांच्याशी काम करताना मला जेवढं बरं वाटतं तेवढं आपल्या लोकांशी वाटत नाही. मीटिंगचा अजेंडा येतो, वेळेवर सुरू, वेळेवर संपते, कोणी जेवण झालं का विचारत नाही. माझ्यासारख्याला त्या टेस्टनं निदान एवढं तर सांगितलं की आपल्यात काही बिघाड नाही. लोकांना ते लेबल कामाला येतं, सायन्स असो नसो. आणि काहीतरी सरासरी स्वभाव देशाचा असेलच न, उगाच का सगळं जग म्हणतं जर्मन माणूस शिस्तीचा.

मास्तरीणबाई
लेबलमुळे तुला बरं वाटलं असेल तर मी ते हिसकावून घेत नाही. पण जग म्हणतं म्हणून असेल, हे तपासून झालंय. 2005 मध्ये सायन्स नावाच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, 49 संस्कृतींतला. एकीकडे लोकांना विचारलं तुमच्या देशातला टिपिकल माणूस कसा असतो, आणि दुसरीकडे तिथल्या माणसांचा प्रत्यक्ष स्वभाव मोजलेला होता. दोन्हीचा मेळ जवळजवळ लागलाच नाही. म्हणजे बाहेरचे सोड, लोकांचा स्वतःच्याच देशाबद्दलचा अंदाज सुद्धा चुकतो.

आणि तू जे सांगितलंस ना, अजेंडा, वेळ, ते स्वभावापेक्षा रिवाजाचं आहे. अजेंडा पाठवायची पद्धत असेल तर ईएनएफपी पण पाठवतो, नाहीतर नोकरी जाते. आपली मेट्रो वेळेवर सुटते, तिच्यात बसणारे तेच आपण, जे लग्नाला दीड तास उशिरा जातो. (त्या मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं 50 कोटी युरोचं कर्ज आहे, 2016 चं, पण वक्तशीरपणा कर्जासोबत आला असं कृपया कोणी म्हणू नका.)

अजून एक आहे जे मला सांगायचं राहिलं. मी वेळ पाळतो का, या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस मनात कोणाशी तरी तुलना करतो. बडबडी इंग्रजीत देताना ऑफिसातल्या लोकांशी करत असेल, जर्मनमध्ये देताना डोळ्यासमोर कोण येत असेल देव जाणे, कदाचित क्लासमधली उशिरा येणारी पोरं. त्यांच्यापुढे ती आयएसटीजेच.

बर्डीची_बडबडी
काकू, अगदी हेच झालंय! क्लासला वेळेवर येणारी मी एकटीच, कारण मी थेट ऑफिसातून येते आणि बाकीचे घरून झोपून उठून येतात. प्रश्न वाचताना मला खरंच तेच लोक दिसत होते. आणि डेअर_डी_डास सरांचं पण बरोबर वाटतंय, मधली बटणं मी भरपूर दाबली, दोन प्रश्न तर मला कळलेच नव्हते, विचारायची लाज वाटली.

बंड्यादादा, एकच राहिलं, मग बोलक्या माणसाला तिथे एकटं वाटतं का? खरं सांगा, गोड नका बोलू. आणि सीव्हीत हे पर्सनॅलिटी टाइप लिहितात का तिकडे?

लाइपझिगचा_बंड्या
पहिल्या हिवाळ्यात वाटतं. नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, कोणी आपणहून घरी बोलावत नाही, आणि तुझ्या क्युबिकलपाशी कोणी उभं राहणार नाही कारण ते काम करतायत. बोलक्यांना हे घुम्यांपेक्षा जास्त लागतं, एवढं तुझ्या सरांचं खरं आहे. पण नंतर बोलकेच लवकर सावरतात, कारण क्लबचा दरवाजा कोणीतरी ठोठवावा लागतो आणि ते घुम्याला जमत नाही. आमच्याकडचा एक हुशार पण मुखदुर्बळ मुलगा दोन हिवाळे नुसता लॅपटॉपपुढे बसून होता. तू आल्या आल्या एखादा कोरस नाहीतर व्हॉलीबॉल जॉइन कर, जर्मन मोडकी असली तरी. आणि वाढदिवस असला की केक स्वतःच घेऊन जायचा ऑफिसात, इथे तीच रीत आहे, आणि कोणाला आदल्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. तुझ्यासारखीला हे आधीच सांगितलेलं बरं, तू तर रात्री बारापर्यंत थांबणार नाहीस.

सीव्हीत टाइप अजिबात लिहू नकोस. फोटो लावायची जुनी पद्धत आहे पण सक्ती नाही. भाषेची लेव्हल लिही, सर्टिफिकेटसकट. तू चान्सेनकार्टेवर, म्हणजे इथे येऊन जॉब शोधायच्या पॉइंटवाल्या परमिटवर, यायचं बघत असशील तर त्यात सहा पॉइंट लागतात, जर्मन बी1 चे 2, बी2 चे 3, वय 35 च्या आत असेल तर त्याचे 2. ईएनएफपीचे शून्य, आयएसटीजेचे पण शून्य.

डेअर_डी_डास
आणि बी1 चे चारही मॉड्यूल वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात 60 लागतात. तुझं बोलणं चांगलं असणार, तू लिहिण्याकडे लक्ष दे. पुणे-मुंबईच्या परीक्षेच्या तारखा आधीपासून बघून ठेव, सीट लवकर भरतात.

तर्री_जास्त
जायच्या आधी सावजी मसाला घेऊन जाजो पोट्टे, बंड्याले पण दोन पाकिटं